रोझीन नावाचं बंद पडलेलं परफ्यूम हाऊस: इतिहास कसा वाचायचा, बाटली कशी ओळखायची, वास कसा घ्यायचा

जुन्या परफ्यूमचा नाद लागला की सुरुवात बहुतेकांची गेरलां, कोटी, शानेल अशीच होते, माझीही तशीच झाली. मग वाचता वाचता कुठेतरी रोझीन हे नाव येतं आणि तिथे आपण अडकतो, कारण शोधायला जावं तर एकीकडे गुलाबाचे नवे परफ्यूम दिसतात आणि दुसरीकडे काचेच्या कपाटातल्या जुन्या, बहुतेक रिकाम्या बाटल्या, आणि या दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय तेच कळत नाही. मी बरेच दिवस चुकीच्या टोकाने शोधत होते, म्हणजे "वास कसा होता" या प्रश्नापासून. तो प्रश्न शेवटी ठेवायचा. रोझीनचं सगळं कामच असं आहे की आधी गोष्ट, मग खोकं, मग बाटली आणि त्यानंतर आतला वास, या क्रमाने गेलं तरच ते उलगडतं. म्हणून खाली त्याच क्रमाने लिहिते.

आधी दोन रोझीन वेगळ्या करा

हे पहिलं काम, कारण इथे चूक झाली तर पुढचं सगळं चुकतं. जुनं हाऊस म्हणजे 'ले पार्फ्यँ द रोझीन', पॅरिसमध्ये १९११ साली पॉल प्वारे या फॅशन डिझायनरने काढलेलं, आणि १९२० चं दशक संपता संपता बंद पडलेलं. नवं हाऊस त्याच नावाने १९९१ मध्ये मारी-एलेन रोजों यांनी सुरू केलं, त्यांचा सगळा भर गुलाबावर आहे आणि ते चांगलं काम आहे, पण ते वेगळं काम आहे. तुमच्या हातातल्या बाटलीला स्प्रे असेल, खोक्यावर बारकोड किंवा घटकांची यादी असेल तर ती नवी, यात वाद नाही. आणि हो, जुन्या हाऊसला गुलाबाचं वेड होतं असं नावावरून वाटतं ते पण सोडून द्या. त्यांच्याकडे गुलाबाचा परफ्यूम होता, पण रोझीन हे प्वारेच्या थोरल्या मुलीचं नाव.

मग माणूस समजून घ्या

प्वारे १८७९ चा, पॅरिसचाच. आधी दूसे आणि वर्थ या मोठ्या फॅशन हाऊसमध्ये काम केलं आणि १९०३ मध्ये स्वतःचं दुकान थाटलं. बायकांच्या कंबरा आवळणारा कॉर्सेट ज्यांनी मोडीत काढला त्यात त्याचं नाव अगदी वर घेतात. फिकट, मवाळ रंगांच्या जमान्यात त्याने भडक लाल, हिरवे, जांभळे रंग आणले, पगड्या आणल्या, सैल पायघोळ विजारी आणल्या. १९०९ मध्ये रशियन बॅले पॅरिसला आला तेव्हा सगळं शहरच पूर्वेकडच्या कल्पनेने झपाटलं होतं, त्या हवेचा प्वारेला भरपूर फायदा झाला. त्याचा 'पूर्व' म्हणजे खरा इराण किंवा खरा चीन नव्हे, पॅरिसने डोळे मिटून पाहिलेलं स्वप्न, आणि हे ध्यानात ठेवलं तर त्याच्या परफ्यूमची नावं बरोबर वाचता येतात. 'न्वी पेर्सान' म्हणजे इराणी रात्र, 'न्वी द शीन' म्हणजे चिनी रात्र, 'आलादँ', 'ल मिनारे', 'माहाराजा' आणि अशी बरीच.

२४ जून १९११ ची रात्र नीट समजून घ्या, कारण हाऊसची शैली तिथेच ठरलीय. प्वारेने आपल्या घराच्या बागेत 'एक हजार दुसरी रात्र' नावाची मेजवानी दिली, पाहुण्यांनी पूर्वेकडचा वेष करून यायचं असा नियम, बागेत कंदील, तंबू, रंगीत पक्षी, स्वतः प्वारे सुलतान होऊन बसलेला आणि त्याची बायको दनीज सोनेरी पिंजऱ्यात. निघताना पाहुण्यांना 'न्वी पेर्सान'ची बाटली भेट. म्हणजे वास हुंगायच्या आधी माणूस अख्खी रात्र त्या कल्पनेत काढून आलेला, घरी जाऊन बाटली उघडली की ती बाग परत समोर. आज प्रत्येक ब्रँड परफ्यूमसोबत एखादी दुनिया विकतो, पण एवढं जीव ओतून केलेलं मला दुसरीकडे क्वचित दिसलं.

फॅशनवाल्याने स्वतःचं परफ्यूम काढायची ही पहिलीच वेळ असं सरसकट लिहिलेलं दिसतं, ते जरा जपून वापरा. फ्रेंच डिझायनरांमध्ये तो पहिला हे बरोबर, पण लंडनच्या लुसील या डिझायनर बाईने त्याच्या काही वर्षं आधी आपल्या दुकानात परफ्यूम ठेवले होते. तरी शानेलचा नंबर ५ आला १९२१ मध्ये, म्हणजे प्वारे तिच्या दहा वर्षं पुढे होता. मग आज नंबर ५ सगळ्यांना माहीत आणि रोझीन कुणालाच का नाही? मला विचाराल तर मोठं कारण नावात आहे. शानेलने बाटलीवर स्वतःचं नाव घातलं. प्वारेने मुलीचं घातलं. त्याच्या कपड्यांची कीर्ती परफ्यूमकडे आपोआप वाहत आली नाही, आणि पुढे कपड्यांचा धंदा बुडाला तेव्हा परफ्यूमला स्वतःच्या पायावर उभं राहता येईल एवढी वेगळी ओळखही राहिली नाही. हे माझं मत आहे, पण दोन्ही हाऊसच्या बाटल्या शेजारी ठेवून बघा, तुम्हालाही हेच वाटेल.

बुडण्याची गोष्ट थोडक्यात. पहिल्या महायुद्धात प्वारे सैन्याच्या शिवणकामात गेला, परत आला तोवर चव बदलली होती, साधे सरळ कपडे लोकांना हवे होते. १९२५ च्या पॅरिसच्या मोठ्या सजावट-कला प्रदर्शनात त्याने सेन नदीवर तीन सजवलेल्या बोटी उभ्या केल्या, नावं 'आमूर', 'देलीस' आणि 'ऑर्ग', बघणारे थक्क झाले आणि प्वारे कर्जात गेला. १९२९ ला फॅशन हाऊस बंद झालं, परफ्यूमही त्याच सुमारास थांबलं. १९४४ मध्ये तो गेला तेव्हा हातात काही उरलं नव्हतं.

मार्तीन विसरू नका

रोझीनची बाटली वाचायची असेल तर दुसरी मुलगी मार्तीन, म्हणजे तिच्या नावाची शाळा आणि कारखाना माहीत पाहिजे. तेही १९११ चंच. प्वारेने कामगार वस्तीतल्या लहान मुली गोळा केल्या, त्यांना चित्रकलेचे नियम शिकवायचे नाहीत असं ठरवलं आणि बागेत, प्राणिसंग्रहालयात नेऊन जे दिसेल ते काढायला सांगितलं. त्या चित्रांवरून कापड, गालिचे, भिंतीचे कागद बनले आणि रोझीनच्या बाटल्या-खोक्यांवरची हातरंगाईसुद्धा. म्हणून काचेवर फुलं जरा वेडीवाकडी, मोठ्या पाकळ्यांची, मोकळ्या हाताने काढल्यासारखी दिसली तर तो दोष समजू नका. उलट एकदम मोजून-मापून, छापल्यासारखी रेघ असेल तर मला शंका येते.

बाटली कशी वाचायची

माझी पद्धत अशी, पहिली पाच मिनिटं लेबल वाचायचंच नाही. आकार बघायचा आणि स्वतःला विचारायचं की ही कशाची सोंगं घेतेय, कारण रोझीनची बाटली जवळजवळ नेहमी कशाचं तरी सोंग घेते. 'ल फ्रुई देफांद्यू' म्हणजे निषिद्ध फळ, तर बाटली सफरचंदाच्या आकाराची. 'न्वी द शीन'ची बाटली तपकीर ठेवायच्या जुन्या चिनी बाटलीवरून घेतलेली. 'आर्लकिनाद'ची बाटली मारी वासिलिएफ या चित्रकार बाईने केली, तिच्यात विदूषकाच्या झग्यासारखे सोनेरी त्रिकोण आहेत. याच काळातली कोटीची बाटली काढून बघा, लालीक या नामांकित काचकाराची काच असेल, सुंदर, थंड, शहाणी. रोझीन तशी नाही, ती खेळते.

मग टोपण. त्या काळातलं काचेचं टोपण त्या-त्या बाटलीच्या मानेत घासून बसवलेलं असायचं, आतली कड खरखरीत दुधी दिसते. बऱ्याच चांगल्या जुन्या बाटल्यांमध्ये टोपणाच्या खालच्या बाजूला आणि बाटलीवर बारीक आकडा कोरलेला असतो, दोन्ही आकडे जुळले तर जोडी मूळची. टोपण हलतं, डुगडुगतं, किंवा मध्येच अडकून पूर्ण खाली जात नाही असं असेल तर दुसऱ्या बाटलीचं आणून बसवलेलं असण्याची शक्यता खूप. फोटो मागवताना लोक समोरचा एकच सुंदर फोटो पाठवतात, तो बाजूला ठेवा आणि बूड, मान, टोपण काढून त्याची दांडी, लेबलचा कोपरा आणि खोक्याची आतली बाजू असे फोटो मागा. न उघडलेल्या बाटलीच्या मानेवर पातळ पडदा ताणून दोऱ्याने बांधलेला असतो, फ्रेंचमध्ये त्याला बोद्र्युशाज म्हणतात, तो पडदा आणि दोरा शाबूत असेल तर आतला द्रव मूळचा असण्याची आशा जास्त. मात्र पडदा शाबूत असूनही द्रव कमी झालेला असू शकतो, शंभर वर्षांत अल्कोहोल वाट काढतंच.

भरलेली बाटली बघून हुरळून जाऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. उघडलेली जुनी बाटली काठोकाठ भरलेली आणि द्रव फिकट, स्वच्छ असेल तर नंतर कुणीतरी काहीतरी भरलंय असंच धरून चाला. जुन्या परफ्यूमला वय झालं की रंग चढतो, विशेषतः व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचं रसायन) आणि जाई असेल तर चहासारखा, कधी काकवीसारखा. मला तळाशी दोन थेंब गडद राळ असलेली बाटली जास्त भरवशाची वाटते.

अडकलेलं टोपण

जोर लावू नका, चिमटा-पक्कड तर अजिबात नाही, मान तुटते आणि मग ती बाटली गेलीच. टोपणाच्या कडेला एक-दोन थेंब शुद्ध अल्कोहोल सोडा, थांबा, परत सोडा, एक दिवस जाऊ द्या. तरी नाही हललं तर सुती फितीचा एक वेढा मानेला घालून दोन्ही टोकं आलटून पालटून ओढा, घर्षणाने बाहेरची काच किंचित गरम होऊन फुगते आणि आतलं टोपण थंड राहतं, तेवढ्या फरकाने ते सुटतं. मग लाकडी पेन्सिलने टोपणाला दोन बाजूंनी अगदी हलके टिचके. मेणबत्ती, लायटर, उकळतं पाणी यातलं काही जवळ आणायचं नाही, आत अल्कोहोल आहे आणि काच जुनी आहे. आणि ज्या बाटलीवर हातरंगाई आहे तिच्यावर अल्कोहोलचा ओघळ जाऊ देऊ नका, रंग निघून येतो. तिथे मी टोपण तसंच ठेवते, न उघडता.

वास: जो आहे तो आणि जो होता तो

इथे दोन वेगळी कामं आहेत. एक, बाटलीत उरलेलं हुंगणं. दोन, तो परफ्यूम नवा असताना कसा असेल याचा अंदाज बांधणं. लोक पहिलं करून दुसरं झालं असं समजतात, तिथेच गफलत होते.

उरलेलं हुंगताना कागदी पट्टीवर घ्या, अंगावर नको. याला कारण आहे. जुन्या बर्गामोटच्या (लिंबाच्या जातीचं एक फळ) तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असायचं, ते त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे डाग पडतात आणि ते लवकर जात नाहीत, आजच्या परफ्यूममध्ये म्हणूनच ते काढून टाकलेलं तेल वापरतात. शिवाय त्या काळातल्या नायट्रो मस्कपैकी (कस्तुरीसारख्या वासाची कृत्रिम रसायनं) मस्क अँब्रेट पुढे बंद केला गेला, ओकमॉसवर (ओकच्या झाडावर वाढणारं दगडफूल) मर्यादा आल्या. आणि बाटलीत मधल्या काळात कुणी काय ओतलं हे तुम्हाला कुठे माहीत असतं.

पट्टीवर घेतल्यावर पहिली दहा मिनिटं फार विश्वास ठेवायचा नाही. लिंबू, संत्रं, बर्गामोट असले वरचे सूर सगळ्यात आधी बिघडतात, त्यांच्या जागी वॉर्निश, टर्पेंटाइन, कधी नेलपॉलिश रिमूव्हरसारखा आंबट धक्का बसतो, आणि इथेच बरेच जण तोंड वाकडं करून पट्टी टाकून देतात. टाकू नका. अर्ध्या तासाने परत या, मग दोन तासांनी, मग दुसऱ्या दिवशी सकाळी. तळाचे सूर, म्हणजे चंदन, लॅबडॅनम (एका झुडपाची राळ), व्हॅनिला, ओकमॉस आणि जनावरांचे सिव्हेट-कस्तुरी वगैरे, हे बऱ्याचदा टिकून असतात आणि दुसऱ्या दिवशीच्या पट्टीवर एखादवेळी इतकं काही सुंदर उरलेलं असतं की मी ती पट्टी वहीत चिकटवून ठेवते. प्रत्येक वेळी दोन ओळी लिहा, वेळ टाकून, आणि "छान", "जुनाट" असले शब्द टाळा, कशासारखं ते लिहा: ओलं लाकूड, पीचची साल, चामडं, थंड पावडर.

आता अंदाजाचं काम. रोझीनचे परफ्यूम बनवणाऱ्यांमध्ये दोन नावं लक्षात ठेवा, मोरिस शालेर आणि आंरी आल्मेरास. आल्मेरास पुढे जां पातू या दुसऱ्या फॅशन डिझायनरकडे गेला आणि १९३० मध्ये त्याने 'जॉय' केलं, गुलाब आणि जाईचा इतका सढळ वापर की आजही त्याचं नाव निघतं. म्हणजे रोझीन बंद पडलं तरी तिथला हात पुढे चालू राहिला, आणि त्या हाताचं काम हुंगायची एक वाट आपल्याकडे आहे. ल फ्रुई देफांद्यू हेही त्याच्याच नावावर आहे, १९१४ चं. ते समजून घ्यायला एक केमिकल माहीत हवं, गॅमा-अनडेकालॅक्टोन, परफ्यूमवाले त्याला सवयीने आल्डिहाइड सी-१४ म्हणतात, खरं तर ते आल्डिहाइड नाहीच, लॅक्टोन आहे, वास पिकलेल्या पीचचा, साईसारखा मऊ. याचं नाव काढलं की सगळे गेरलांच्या १९१९ च्या 'मित्सुको'कडे बोट दाखवतात. पण फळाचा वास परफ्यूमच्या मधोमध ठेवायची हिंमत रोझीनने त्याच्या पाच वर्षं आधी केली होती, आणि बाटलीच सफरचंदाची करून ते लपवलंही नाही. मला या हाऊसबद्दल सगळ्यात जास्त प्रेम या एका गोष्टीसाठी वाटतं.

म्हणून सराव असा करा: गेरलांचे लेर ब्ल्यू (१९१२), मित्सुको (१९१९), शालिमार (१९२५) आणि पातूचं जॉय, हे चार जितक्या जुन्या रूपात मिळतील तितक्या जुन्या रूपात हुंगा. पातूचं जॉय आता बनत नाही आणि बाकीच्यांचे आज विकले जाणारे फॉर्म्युले बदललेत, तरी सांगाडा कळतो. सोबत सुटा कच्चा माल हुंगा, निदान लॅबडॅनम, चंदन, ओकमॉस, जाईचा अ‍ॅब्सोल्यूट (फुलांचा दाट अर्क) आणि तो पीचवाला लॅक्टोन पातळ करून. दोन महिने रोज दहा मिनिटं दिलीत तर रोझीनच्या उरलेल्या दोन थेंबांमधून काय टिकलंय आणि काय उडालंय हे तुम्हाला स्वतःला सांगता येईल.

आणि जमलं तर व्हर्सायला ओस्मोतेक गाठा. १९९० मध्ये सुरू झालेलं हे वासांचं संग्रहालय आहे, जां केर्लेओ त्याच्या संस्थापकांपैकी, ते स्वतः पातूचे परफ्यूमर होते. तिथे बंद पडलेले परफ्यूम मूळ फॉर्म्युल्यावरून परत बनवून १२ अंश सेल्सिअसला, अंधारात, बाटलीत वर आरगॉन वायू भरून ठेवतात म्हणजे ऑक्सिजन लागत नाही. ल फ्रुई देफांद्यू त्यांच्या संग्रहात आहे. तिथे विकत काही मिळत नाही, त्यांच्या कार्यक्रमात पट्टीवर हुंगायला मिळतं, म्हणून जाताना वही न्या आणि त्या दिवशी स्वतः काही लावून जाऊ नका.

कागदपत्रं कुठे बघायची

फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची गालिका ही डिजिटल लायब्ररी फुकट आहे, तिथे 'रोझीन' शब्द टाकून १९११ ते १९३० एवढीच वर्षं निवडा, नाहीतर सगळ्या रोझीन नावाच्या बायका येतात. 'गाझेत द्यू बों तों' हे फॅशन मासिक १९१२ ते १९२५ चाललं, त्यात जॉर्ज लेपापची प्वारेच्या कपड्यांची चित्रं आहेत, ती बघितली की बाटल्यांचे आकार आणि रंग कुठून आले ते डोळ्याला कळतं, समजावून सांगावं लागत नाही. रोझीनचे जाहिरातीचे कागदी पंखेही बघा, सुवास लावून वाटायचे ते. बाटली परवडत नसेल तर पंख्यापासून सुरुवात करा, त्यावर परफ्यूमचं नाव आणि चित्र दोन्ही असतं.

ठेवायचं कसं

अंधार, थंडावा, बाटली उभी, आणि तापमान सारखं वर-खाली होऊ द्यायचं नाही. बाथरूम आणि खिडकीची फळी या दोन सगळ्यात वाईट जागा. खोक्याचं कापड, गोंडा, लेबल कोरड्या मऊ ब्रशने झाडा, ओलं फडकं लावू नका, जुना गोंद सुटतो. मूळ खोकं असेल तर बाटली त्यातच ठेवा पण टोपणावर दाब येत नाही ना ते बघा.

आणि रिकामी बाटली धुऊ नका. तळाला तपकिरी कडं दिसेल, साबणाने चकाचक करायचा मोह होईल, मला पण एकदा झाला होता आणि मी एक बाटली धुतली, रोझीनची नव्हती पण त्याच काळातली होती, आजही वाईट वाटतं. त्या कड्यावर शुद्ध अल्कोहोलचे तीन-चार थेंब टाका, टोपण लावा, आठवडाभर तसंच राहू द्या, मग पट्टी बुडवा. जे वर येईल तो मूळ परफ्यूम नाही हे पट्टीच्या पाठीवर तारखेसकट लिहून ठेवा, आणि मग हुंगा.